श्रावणातली दाढी

दिवाळीच्या आधी घरात जी साफसफाई चालते, तिच्यात पुरुषाने लुडबूड करू नये असा आमच्या घरचा अलिखित नियम आहे. मी तो पन्नास वर्षे इमानाने पाळत आलो. माळ्यावरच्या वस्तू खाली उतरतात, त्यांच्याकडे पाहून ही एक सुस्कारा सोडते, मी वर्तमानपत्रात डोके खुपसतो, आणि त्याच वस्तू पुसून-झटकून पुन्हा माळ्यावर जाऊन बसतात. तळ गेलेला तांब्याचा बंब, एक चाक हरवलेली तीनचाकी, मुलांच्या वेळचा पाळणा. यंदा मात्र तो नियम मोडावा लागला. नातवाने माळ्यावरून जी पत्र्याची पेटी खाली ओढली ती माझी होती, आणि पाचच मिनिटांत स्वयंपाकघरातून हिची किंकाळी ऐकू आली.

धावत जाऊन पाहतो तो चकलीच्या सोऱ्यासमोर साक्षात गजानन उभा! काळे रबरी तोंड, दोन वाटोळ्या काचांचे डोळे आणि हनुवटीखाली लोंबणारी सुरकुत्यांची सोंड. सोंडेतून आवाज आला, "आजी, मोदक दे!" ही आधी घाबरली, मग हसली, आणि मग माझ्यावर रागावली. पहिल्या दोन गोष्टींशी माझा संबंध नसला तरी तिसरी माझ्या वाट्याला यायची हे ठरलेलेच असते.

"हा कुणाचा मुखवटा आहे, आजोबा?" नातवाने विचारले.

मी म्हणालो, "कुणाचाच नाही. आत जो असेल त्याचा."

हे उत्तर मी काही तत्त्वज्ञान सांगावे म्हणून दिले नव्हते. मुखवटा म्हटला की आपल्याकडे कुणीतरी दुसरा व्हायचे असते. भाद्रपदात गौरीचे मुखवटे येतात आणि तांदळाच्या राशीवरची ती पितळी मुद्रा दोन दिवसांसाठी घरची लेक होते. बोहाड्यात जव्हारकडचे गावकरी लाकडी-कागदी मुखवटे चढवतात आणि देव-राक्षस होऊन रात्रभर नाचतात. रासायनिक कारखान्यातला मुखवटा मात्र एवढ्याचसाठी असतो की, माणूस जसा आत गेला तसाच बाहेर यावा. त्याला मराठीत धड नावही नाही. आम्ही त्याला 'मास्क' म्हणत असू. २०२० साली हा शब्द शेंबड्या पोरालाही पाठ झाला, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आमच्या सोसायटीतले प्रतिष्ठित लोक नाक उघडे ठेवून तोंडाला फडके बांधून हिंडत आणि 'काही होत नाही हो' म्हणत. मी आयुष्यभर ज्या कामगारांशी या कारणावरून भांडलो, त्यांची मी त्या वर्षी मनातल्या मनात क्षमा मागितली. त्यांना निदान मे महिन्याच्या उकाड्यात, भट्टीपाशी उभे राहून ती वस्तू घालायची असे.

कारण, खरे सांगू का, मास्क घालणे ही सुखाची गोष्ट नव्हे. काचेवर वाफ धरते, घाम डोळ्यांत उतरतो, नाकाला खाज सुटते ती नेमकी तेव्हाच, बोललेले शेजाऱ्याला कळत नाही, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे तंबाखू खाता येत नाही. स्वतःच्या श्वासाचा फुस्-फुस् आवाज ऐकत काम करताना आपण पाणबुडे आहोत की काय असे वाटू लागते. हे दुःख फार जुने आहे. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला आहे की, हिंगूळ दळणारे कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची सैल पिशवी बांधत आणि तिच्यातून बाहेर पाहत. कुठे त्या पिशव्या आणि कुठे आमचे रबर! पण तेव्हाही कुणीतरी ती पिशवी काढून खिळ्याला अडकवून काम करत असणार, आणि कुणीतरी त्याच्यावर ओरडत असणार, याविषयी मला शंका नाही.

१९७० साली रसायनशास्त्राची पदवी खिशात घालून मी अंबरनाथच्या एका कारखान्यात लागलो. रंगांना लागणारा कच्चा माल तिथे तयार होई. पहिल्या दिवशी मला गमबूट मिळाले. मी रुबाबात पँटचे पाय बुटांत खोचले आणि प्लांटवर गेलो. पन्नाशीकडे झुकलेला, काळसर, काटक असा एक ऑपरेटर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग जवळ येऊन, खाली वाकून, त्याने एक अक्षर न बोलता माझ्या पँटचे दोन्ही पाय बुटांतून बाहेर ओढले आणि वरून सोडले.

"ॲसिड पँटीवरून वघळतं, साहेब," तो म्हणाला. "बूट आत असला तर भायेर जातं. पँट आत असली तर बुटात जातं. मग बूट काढेपर्यंत पाय नाय ऱ्हात."

हे आमचे मामा. खेड तालुक्यातले. कारखान्यात त्यांना सगळेच मामा म्हणत, मॅनेजरसुद्धा. माझ्या पदवीपरीक्षेच्या पुस्तकांत सल्फ्युरिक आम्लाचे सारे गुणधर्म होते, पण पँट बुटाच्या आत की बाहेर हे कुठेच नव्हते. मामांनी मला असे पुष्कळ शिकवले. रबरी हातमोजा घालण्याआधी फुग्यासारखा हवेने भरायचा, मनगटापाशी पिळून धरायचा आणि गालाजवळ नेऊन दाबायचा. सुईएवढे भोक असले तरी गालाला वारा लागतो. फिनॉल भाजते ते नंतर, आधी ते कातडी बधिर करते, म्हणून 'दुखत नाही' हे फिनॉलच्या बाबतीत सुचिन्ह नव्हे. ॲनिलीन कपड्यांवर सांडले तर कपडे तिथल्या तिथे उतरवायचे, लाज बाळगायची नाही, कारण ते कातडीतून रक्तात जाते आणि माणसाचे ओठ निळे पडू लागतात. डोळ्यांत काही उडाले की पाण्याखाली पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. "पंधरा म्हंजे पंधरा," मामा म्हणत. "पाच मिन्टांनी बरं वाटतं, तीच फसगत."

आणि मास्क. मास्क चढवल्यावर नळीचे तोंड तळव्याने झाकायचे आणि श्वास आत ओढायचा. रबर तोंडाला चिकटून आत दबले आणि तसेच राहिले, तर बसला नीट. हवा कुठूनही आत आली तर नाही बसला, मग पट्टे कितीही आवळा. नळीच्या टोकाला पत्र्याचा डबा, डब्यात कोळसा. डब्यांना रंग असत. आमच्याकडे आम्लवायूंसाठी पांढरा, अमोनियासाठी हिरवा, सॉल्व्हंटच्या वाफांसाठी काळा. (दुसऱ्या देशांतून आलेल्या डब्यांचे रंग निराळे असतात. रंगावर विसंबून भलताच डबा लावण्याची सोय जगाने मुद्दाम करून ठेवली आहे की काय कोण जाणे.) आणि हा डबा हवा गाळतो, हवा तयार करत नाही. बंद टाकीत प्राणवायूच नसेल तर मास्क घातलेला माणूसही गुदमरतो. तिथे पाठीवर हवेचे नळकांडेच लागते.

त्या डब्यातला कोळसा कशाचा असतो हे मामांना मी सांगितले, तेव्हा मात्र त्यांना माझ्या पदवीचा प्रथमच उपयोग दिसला. उत्तम कोळसा करवंटीचा! नारळाची करवंटी जाळून कोळसा करायचा, मग तो वाफेत तापवून त्याला सूक्ष्म भोके पाडायची. असा एक ग्रॅम कोळसा घेतला तर त्याच्या सगळ्या भोकांच्या भिंती मिळून हजार चौरस मीटरच्या आसपास भरतात. चिमूटभर कोळशात पाव एकराची जमीन! वायू तिथे जाऊन बसतो. १९१८ साली अमेरिकेत मास्कच्या कोळशासाठी पीचच्या कोया आणि अक्रोडाची टरफले घरोघर गोळा केली होती. मामा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आमच्या घरामागं करवंट्यांचा ढीग हाय, साहेब. म्हातारी बंबात घालते."

आमच्या प्लांटवर सर्वांत धाक होता तो क्लोरीनचा. पाण्याच्या टाकीत जंतू मारणारा, धोब्याच्या ब्लीचिंग पावडरला वास देणारा हाच तो सद्गृहस्थ. शीलेने १७७४ साली तो प्रथम मिळवला आणि डेव्हीने १८१० साली त्याच्या पिवळट-हिरव्या रंगावरून ग्रीक शब्द घेऊन त्याला नाव दिले. लोखंडी नळकांड्यात तो दाबाखाली द्रवरूपात असतो. आमच्याकडची नळकांडी सुमारे ९०० किलोंची, त्यांना 'टनर' म्हणत. टनर आडवा निजवतात. त्याला दोन व्हॉल्व्ह असतात, ते एकावर एक येतील असा ठेवायचा. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. हा द्रव बाहेर पडला की त्याचा साडेचारशे पट वायू होतो. तो हवेच्या अडीच पट जड असल्यामुळे वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरपटत सखल भागाकडे जातो. म्हणून वास आला की खाली बसायचे नाही. वाऱ्याला आडवे, उंचवट्याकडे जायचे. गळती कुठे आहे ते शोधायला अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला बोळा फिरवतात, गळतीपाशी पांढरा धूर उठतो. आणि गळतीवर पाणी मारायचे नाही, कारण ओला क्लोरीन लोखंड खातो आणि भोक मोठे होते.

मास्कचा आणि या वायूचा संबंध तर जन्माचा आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी साडेपाच हजारांहून अधिक नळकांड्यांची तोंडे एकदम उघडली आणि क्लोरीनचा ढग वाऱ्याबरोबर समोरच्या खंदकांत सोडला. चार दिवसांनी आपल्या लाहोर डिव्हिजनचे जवान त्याच आघाडीवर हल्ल्यात उतरले आणि त्यांच्यावरही वायू आला. मास्क कुणाजवळच नव्हते. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी विस्कळीत झालेली माणसे गोळा करून धरली, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर घाईघाईने कापसाच्या पट्ट्या आल्या, धुण्याच्या सोड्यात आणि फोटो धुणारे वापरत त्या हायपोत भिजवलेल्या. हे सारे ज्याने घडवून आणले तो फ्रिट्झ हाबर शेतीच्या खतांसाठी हवेतून अमोनिया काढणाराही होता. आणि जर्मन सैनिकांच्या मास्कचा डबा ज्याने सुधारला तो त्याचा मित्र विल्श्टेटर. पानांतल्या हरितद्रव्यावरच्या संशोधनासाठी त्याला १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरीन आणि क्लोरोफिल, दोन्ही नावे एकाच ग्रीक शब्दातून आलेली. एक हिरवे जगवते, एक हिरवे मारते, आणि दोघांची गाठ एका पत्र्याच्या डब्यात पडली! हे वाचल्यापासून मला तो डबा कधी साधा वाटला नाही.

पण वाचणे निराळे आणि डबा हातात घेऊन पाहणे निराळे. खरी गोष्ट आता पुढे आहे.

आमच्याकडे एक वही होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाळीच्या केमिस्टने सर्व मास्क तपासायचे. पट्टे, काच, नळी, रबर, डब्यावरची तारीख. पाच रकाने आणि सहावा सहीचा. डब्याला मुदत असते. त्याच्या तळाचे सील एकदा काढले की तो हवेतली वाफ पीत राहतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर पीतच सुटतो. १९७४ च्या ऑगस्टची पहिली तारीख आली. त्या वर्षी माझे लग्न झाले होते. पहिल्या पाळीचे काम लवकर आटोपून ४-२० ची लोकल गाठायची होती. मी केबिनमध्ये खुर्चीवर बसलो, पाचही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या आणि सहाव्यात सही ठोकली. अक्षर छान आले होते.

तो श्रावण होता. श्रावणात आमच्या निम्म्या कामगारांच्या दाढ्या वाढलेल्या असत. मामांची तर कडक. त्या वर्षी मुलाच्या दुखण्यासाठी घरधनीणीने काही नवस बोलला होता, तोही त्या दाढीत होता. आता मास्कची कड हनुवटीवर आणि गालावर टेकते. तिथे केस असले की रबर कातडीला लागत नाही, केसांवर तरंगते, आणि श्वास ओढला की डब्यातून न येता हवा त्या फटीतून येते. दोन दिवसांची खुंटेही पुरतात. मला हे ठाऊक होते. मी मामांना बाजूला घेऊन म्हणालोही.

"मामा, मास्कच्या कामापुरती तरी काढा की."

"नाय साहेब. महिना हाय तो हाय."

"मग महिनाभर टनरकडे दुसऱ्याला ठेवू या."

"कुणाला ठेवता? त्या पोरांना व्हॉल्व्ह कुठं फिरतो ते तरी ठाऊक हाय का?"

हे खरे होते. शिवाय पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराने बापाच्या वयाच्या माणसाला 'देवाची दाढी काढ' म्हणून हुकूम सोडायचा, ही गोष्ट मला जमली नाही. मी विषय सोडून दिला. त्याला मी आदर असे नाव दिले होते. आज वाटते, तो बराचसा संकोच होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली रात्र. पाऊस थांबला होता, वारा पडला होता. ही क्लोरीनच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळ, कारण तो कुठेच जात नाही. अडीचच्या सुमारास टनरला जोडलेली तांब्याची नळी सांध्यापाशी सुटली. मी शंभर फुटांवर होतो. आधी वास आला, मग शेडच्या दिव्याखाली धुके पिवळट झालेले दिसले. पोरे पळाली, पळायलाच हवे होते. मामांनी पेटीतून एक मास्क उचलला आणि दुसरा माझ्याकडे फेकला. चढवता चढवता मी पाहिले, ते नळीचे तोंड तळव्याने झाकून श्वास ओढत होते. त्यांनी मान हलवली. नीट बसला नाही, असे म्हणत होते की चला, असे, हे मला तेव्हा कळले नाही, आणि पुढेही मी विचारले नाही.

खालचा व्हॉल्व्ह मिटत नव्हता. त्यातून द्रव येत होता, नळीवर बर्फ धरले होते. मामांनी पान्यावर दोनदा जोर केला, सोडून दिला, आणि पहारेकडे हात केला. टनर फिरवायचा! गळका व्हॉल्व्ह वर आणला की द्रवाऐवजी वायू येतो, गळती कितीतरी पटीने कमी होते. दोघांनी पहार लावली. मला माझ्या मास्कमध्ये रबराचा वास येत होता, दुसरा काही नाही. दुसऱ्या जोराला टनर रुळांवर अर्धा फिरला. तिथे मामा खोकले. मास्कच्या आत खोकणारा माणूस बाहेरून फार विचित्र दिसतो, काचा मिटल्यासारख्या होतात. मी त्यांना मागे ओढू लागलो, त्यांनी माझा हात झटकला, पुन्हा पान्यावर जाऊन व्हॉल्व्हची मान दोन आटे आवळली. फुसफुस थांबली. मग ते गुडघ्यांवर आले. जिथे खाली बसायचे नाही, तिथेच.

मी आणि धावत आलेल्या वॉचमनने त्यांना उचलून वाऱ्यावर आणले. डोळे लाल, ओठांना फेस. पहाटे त्यांना इस्पितळात नेले.

सगळे गेल्यावर मी शेडमध्ये एकटा होतो. त्यांचा मास्क उचलला आणि सवयीने डबा उलटा केला. त्यावरची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती.

त्या क्षणी मी जे केले ते करायला मला अर्धे मिनिटही लागले नाही, याचे मला अजून नवल वाटते. भांडारातून नवा डबा काढला, सील तोडले, मामांच्या मास्कला लावला आणि जुना डबा माझ्या जेवणाच्या पिशवीत टाकला. सकाळी चौकशीला साहेब लोक आले. मास्क पाहिला, डबा पाहिला, वही पाहिली. माझी सही पाहिली. नंतर मामांची दाढी आठवली आणि सर्वांना हायसे वाटले. अहवालात लिहिले गेले की, कामगाराने दाढी राखल्यामुळे मास्क नीट बसला नाही. ते खोटे नव्हते. दाढीतून किती वायू गेला आणि मेलेल्या कोळशातून किती, हे कुणी कधीच मोजू शकणार नाही. पण अर्धे खरे सांगायला मिळाले की उरलेले अर्धे लपवणे किती सोपे जाते!

मामा वाचले. तीन आठवड्यांनी कामावर आले ते धापा टाकत. ठपका त्यांच्यावर होता, त्यामुळे वर्षाची पगारवाढ गेली, आणि प्लांटवर झेपेना म्हणून त्यांना कारखान्याच्या बागेत झाडांना पाणी घालायला दिले. १९७६ साली ते गावी निघून गेले. प्लांटच्या दारावर मात्र पाटी लागली: दाढी असलेल्यास मास्कच्या कामावर घेतले जाणार नाही. नियम अगदी योग्य होता. पुढे नव्या मुलांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा वर्षानुवर्षे मी तो नियम शिकवला, आणि उदाहरण म्हणून मामांची हकीकत सांगत आलो. दाढीपर्यंतची.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले. दोन आणि तीन तारखांच्या मधल्या रात्री चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट टाकीतून सुटले आणि झोपेतली माणसे उठून वाट दिसेल तिकडे पळाली. हजारो गेली. ओले फडके तोंडावर धरा एवढेही त्यांना आधी कुणी सांगून ठेवले नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखान्यांचा कायदा सुधारला, कोणते विष जवळ आहे हे कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला सांगणे मालकावर बंधनकारक झाले. पण ते पुढचे. त्या डिसेंबरात वर्तमानपत्रांतले फोटो पाहताना मला रात्र रात्र झोप लागेना. ही म्हणे, तुम्ही त्याच धंद्यातले म्हणून तुम्हाला लागले. मी हो म्हणे.

पुढच्या पावसाळ्यात मी एस. टी.ने खेडला उतरलो आणि पत्ता विचारत मामांच्या वाडीवर गेलो. ते ओटीवर बसले होते. दाढी छातीपर्यंत आलेली, पांढरीशुभ्र. १९८५ ला अधिक श्रावण आला होता, म्हणजे दाढीलाही दोन महिने मिळालेले.

"या साहेब!" ते म्हणाले आणि दाढीवर हात फिरवून हसले. "आता ठेवायला हरकत नाय ना?"

हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. आत म्हातारीने करवंट्यांवर चहा ठेवला. चहा होईपर्यंत मी इकडचे तिकडचे बोललो, मग एकदम डब्याचे सांगून टाकले. तारीख, सही, पिशवी, सगळे.

मामा अंगणाकडे पाहत राहिले. पाऊस भुरभुरत होता.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तो डबा एका अंगानं चेपला व्हता. माझ्याच हातून पडलेला. धुणाऱ्या पोरानं मला इस्पितळात येऊन सांगितलं, मामा, तुमच्या मास्कला कोरा डबा कुठनं आला?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुमची नोकरी गेली असती. माझा दम परत आला असता का? आन् दाढी व्हतीच की." थोडे थांबून ते म्हणाले, "पर एक सांगतो. तुम्ही मोसंबी घेऊन आलावता इस्पितळात. तवा वाटलं, आता बोलतील. पाऊण तास बसलात."

मी मान खाली घातली. चहा आला. तो संपेपर्यंत कुणी बोलले नाही.

"आता सही करनारा डबा बघतो का?" मामांनी विचारले.

"बघतो."

"कशावरनं?"

मला सांगता येईना. ते म्हणाले, "जो तोंडाला लावनार त्यालाच बघू द्या. त्याचीच सही घ्या. तो न बघता नाय करायचा."

परत आल्यावर मी पट्टी घेऊन वहीच्या प्रत्येक पानावर सातवा रकाना आखला. ज्यांना सही येत नव्हती ते अंगठा लावीत. पहिल्याच महिन्यात दोघांनी अंगठा लावायला नकार दिला आणि डबे बदलून घेतले. मामा १९९१ च्या सुमारास गेले, असे मला फार उशिरा कळले.

मास्क मी निवृत्तीच्या वेळी भंगारातून मागून आणला. डबा तर आधीपासून घरातच होता. यंदा पेटी उघडी पडली आणि नातवाने "हा डबा एका बाजूने चेपलाय का?" म्हणून विचारले, तेव्हा हे सारे मी हिला पहिल्यांदा सांगितले. लग्नाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. ती सोऱ्या हातात धरून ऐकत होती.

"मग इतकी वर्षे हा ठेवलात कशाला?" तिने विचारले.

मी उत्तर शोधत होतो, एवढ्यात कढईतून धूर निघू लागला, आणि तेल करपले म्हणून ती लगबगीने आत गेली.